इंग्रजीचा पत्ता नाही अन् जर्मन कायले?

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरांचं आहे, नाव-गाव सोडून थोडं छाटून देते:

"ताई नमस्कार. मी गावच्या अनुदानित हायस्कूलमध्ये संस्कृत अन् मराठी शिकवतो. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन जर्मन शिकलो, ए२ (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पायऱ्या असतात, त्यातली दुसरी) पास झालो. बाजूच्या गावात इंग्लिश मीडियम निघालं, आमची पटसंख्या घसरून राहिली, म्हणून संस्थेने ठरवलं की आपल्याकडेही फॉरेन लँग्वेज पाहिजे, अन् आठवी-नववीला आठवड्यात दोन तासिका जर्मन माझ्या गळ्यात पडलं. आठवीत ५२ पोरं. चार महिने झाले, 'गुटन मॉर्गन' अन् एक ते वीसच्या पुढे गाडी सरकत नाही. पुस्तक इंग्रजीतून आहे, मीही इंग्रजीतूनच समजावतो, पोरं नुसती पाहत बसतात. परवा पालकसभेत एक काका उभे राहिले, म्हणे 'सर, पोट्ट्याले इंग्रजीचा पत्ता नाही अन् तुम्ही जर्मन कायले शिकवून राहिले?' सगळे हसले, मला काही सुचलंच नाही. हेडमास्तर म्हणतात जमत नसेल तर बंद करू. मी जर्मनी पाहिलीही नाही, उच्चार धड नाहीत. बंद करू का? की फ्रेंच घेऊ, ती सोपी असते म्हणतात?"

भाऊ, तुम्ही त्या काकाच्या बोलण्याचं वाईट वाटून घेतलं पण मला तर वाटते अख्ख्या पालकसभेत कामाचं तेच बोलले. पोट्ट्याले इंग्रजीचा पत्ता नाही. मग तुम्ही त्याला जर्मन इंग्रजीतून काऊन समजावून राहिले? एक न येणारी भाषा दुसऱ्या न येणाऱ्या भाषेतून. चुकी जर्मनची नाही, तुमचीही फार नाही, मधात बसलेल्या इंग्रजीची आहे. तिला उठवा आधी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मी स्वतः जर्मन शिकवताना पहिली दोन वर्षं हेच केलं. फळ्यावर डाव्या बाजूला 'आय अ‍ॅम', उजव्या बाजूला 'इश बिन', अन् पोरं दोन्ही पाठ करायची, समजायचं एकही नाही. एका पोराने पेपरात 'मी जेवून राहिलो' याचं जर्मन लिहिलं 'इश बिन एसन'. मी लाल पेनाने काट मारली अन् पुढे गेले. घरी आल्यावर लक्षात आलं की त्याने किती डोकं लावलं होतं, आपल्या वऱ्हाडीत 'जेवून राहिलो', इंग्रजीत 'आय अ‍ॅम ईटिंग', म्हणजे जर्मनमध्येही 'राहिलो'साठी काहीतरी असलंच पाहिजे, त्याने 'बिन' टाकलं. जर्मनमध्ये ते नाहीच. 'इश एसे' म्हटलं की 'मी जेवतो' पण तेच अन् 'मी जेवून राहिलो' पण तेच. दुसऱ्या दिवशी वर्गात एवढंच सांगितलं, 'बावाहो, जर्मनीत कोणी राहिलो-राहिली करत नाही', तेव्हापासून ती चूक जवळपास गेलीच.

मग एकदा रजेच्या अर्जाचं झालं. एक पोरगा तीन दिवसांनी आला, मी म्हटलं कारण जर्मनमध्ये सांग, त्याला येत नव्हतंच, मी फळ्यावर लिहिलं 'वाइल इश क्रांक बिन' अन् प्रत्येक शब्दाखाली मराठी लिहीत गेले. वाइलखाली कारण, इशखाली मी, क्रांकखाली आजारी, बिनखाली आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, 'मॅडम हे तं आपल्यासारखंच हाये!' खरंच शब्दाला शब्द. कारण मी आजारी आहे. इंग्रजीत 'बिकॉज आय अ‍ॅम सिक', तिथं क्रियापद मधात घुसते, इथं आपल्यासारखं शेवटी बसते. आता पूर्ण खरं सांगायचं तर साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी असते, 'इश कॉमे नीश्ट' म्हणजे मी येत नाही, तेव्हा पोरांना 'सगळं मराठीसारखं' असं सांगू नका, फसतील. 'वाइल' आलं की शेवटी, एवढंच सांगा. तेही या वर्षी नको, हे ए२ चं आहे, मी तुम्हाला दाखवायला सांगितलं.

तुम्ही तर संस्कृतवाले, तुम्हाला हे मी काय सांगू. तीन लिंगं बघा. डेर, डी, डास म्हटलं की इंग्रजीवाले कपाळाला हात लावतात, हिंदीवाल्यांकडे दोनच. आपल्या पोराला तो, ती, ते जन्मापासून येते. पुस्तकात 'डास मेडशन' आलं, म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, की सगळे गाइडवाले ते विचित्र म्हणून सांगतात. आपल्याकडे काय विचित्र त्यात? 'ते पोरगं कुठं गेलं' असं आपण पोरीला नाही म्हणत का? अन् वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू, सगळी लहान म्हणून 'ते'. जर्मनमध्ये शब्दाला 'शन' जोडून लहान केला की तो 'डास' होतो, मेडशनमधला 'शन' तोच. हे मी वासरावरून सांगितलं तेव्हा वर्गातल्या कोणालाच परत विचारावं लागलं नाही. फक्त एक इशारा, तीन खाने तयार आहेत पण कोणता शब्द कोणत्या खान्यात ते पाठच करावं लागते. घर 'डास' आहे, पुस्तक 'डास' आहे, पाणी 'डास' आहे, तिथपर्यंत पोरं खूश, मग टेबल निघतो 'डेर' अन् सूर्य निघतो 'डी'. सूर्य बाई अन् चंद्र माणूस. त्यावर एक तासिका हसण्यात गेली आमची, जाऊ द्या, पण ते दोन शब्द कोणी विसरलं नाही.

'मले' तर अजूनच भारी. 'मला थंडी वाजते' याला इंग्रजीतून गेलं की पोरगं लिहिते 'इश बिन काल्ट', त्याचा अर्थ होतो मी थंड काळजाचा माणूस आहे. जर्मन म्हणते 'मिर इस्ट काल्ट'. मिर म्हणजे मले, डिर म्हणजे तुले. मले थंडी, मले आवडते, सगळं 'मिर' ने. तुम्हाला चतुर्थी दिसली असेल लगेच पण वर्गात चतुर्थी म्हणू नका, विभक्तीचं नाव काढलं की पोरं संस्कृतच्या तासासारखी खिडकीबाहेर पाहायला लागतात (राग नका मानू).

आकडे. तुम्ही वीसवर अडकले म्हणता, पण खरी मजा तर एकवीसपासून आहे. 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक-आणि-वीस, एकवीस. 'फ्युन्फ-उंड-फियर्त्सिश', पाच-आणि-चाळीस, पंचेचाळीस. एकक आधी दशक मग, हुबेहूब आपलं. इंग्रजीची सवय असलेला माणूस जर्मनमध्ये फोन नंबर ऐकून आकडे उलटे लिहून ठेवतो, पंचेचाळीसचे चोपन्न करतो, आपलं पोरगं नाही करत, त्याच्या हाताला पाच ऐकून चार आधी लिहायची सवय आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा किती गदारोळ झाला आठवते ना, तर जर्मनीतही 'त्स्वान्त्सिश-आइन्स' म्हणा असं सांगणाऱ्या लोकांची संघटना आहे, म्हणजे भांडणही सारखंच. अडचण फक्त एकोणतीस, एकोणचाळीसची. आपण 'तीसला एक कमी' म्हणतो, ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात, तिथं पोरं दहा वर जातात. आठवडाभर रोज पाच वेळा घ्या, बसते.

फ्रेंचचं लगेच संपवते. नका बदलू. सोपी वगैरे काही नसते, लिहितात एक अन् वाचतात दुसरं, शेवटची अर्धी अक्षरं गिळतात, अन् मुख्य म्हणजे तुम्हाला ती येत नाही. तसं पाहिलं तर ८० ला ते 'कात्र-व्हँ' म्हणतात म्हणजे चार विसा, आपल्या आज्या शेंगा मोजताना चार इसा म्हणायच्या तेच, त्यामुळे फ्रेंचही एखाद्याने आपल्याकडे मजेत शिकवली असती. पण ज्याला येते त्याने.

आता तुमच्या उच्चाराचं. जर्मनी पाहिली नाही म्हणता, अहो संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्स म्युलर जन्मात भारतात आला नाही अन् त्याने ऋग्वेद संपादित करून छापला, आपण त्याच्या नावाच्या भवनात जाऊन जर्मन शिकतो. ए२ च्या माणसाने ए१ शिकवायला पहिलं वर्ष हरकत नाही, पण बी१ ची तयारी आजच सुरू करा, पोरं दीड वर्षात तुमच्या मागे येऊन उभी राहतात. अन् ऐकवायचं काम स्वतःच्या गळ्यावर घेऊच नका. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे कोर्स फुकट आहेत, घरी रेंज असते तेव्हा ऑडिओ उतरवून घ्या, एक ब्लूटूथ स्पीकर रात्री चार्ज करून न्या, लाइट गेली तरी चालतो. तुम्ही फक्त तो आवाज पोरांकडून तीन-तीन वेळा म्हणवून घ्यायचा. एखादा शब्द आला नाही तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा अन् दुसऱ्या तासाला उत्तर आणा, थापा नका मारू, पोरांना लगेच समजते.

उच्चाराचे दोन-तीनच सांगते. झेडचा आवाज 'त्स', हिंदीवाल्याला तो बसवावा लागतो, आपल्याला नाही, चोर-चुलीतला च आहे तो. व्ही म्हणजे बहुतेक वेळा फ अन् डब्ल्यू म्हणजे व, त्यासाठी 'फोल्क्सवागन' हा एकच शब्द फळ्यावर लिहा, दोन्ही अक्षरं त्यात आहेत अन् गाडी म्हटल्यावर पोरं विसरत नाहीत, त्याच धाग्यात बीएमडब्ल्यूचं 'बे एम वे' करा. ते दोन टिंबांचं यू मात्र देवनागरीत लिहून येत नाही. ओठ 'ऊ' चे ठेवायचे अन् आतून 'ई' म्हणायचं. माझ्या वर्गात ते पहिल्यांदा कोणाला जमलं माहिती? नववीतली एक पोरगी, शेवटच्या बाकावरची, इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायची नाही. ती शाळेला 'शाया' अन् डोळ्याला 'डोया' म्हणायची म्हणून सहावीत कोणत्यातरी शहाण्याने तिला सगळ्यांसमोर हसलं होतं, तेव्हापासून ती गप्प. आपल्या खेड्यातल्या पोरांना आधी सांगतात तुमची मराठी अशुद्ध, मग सांगतात इंग्रजी कच्ची, मग ती बोलणार कुठून. जर्मनमध्ये तिच्याहून जास्त येणारा गावात कोणी नव्हता, ना पाटलाचा पोरगा ना ट्यूशनवाला. सगळे शून्यावर. तिने खिडकीकडे तोंड करून 'ई' काढला ओठ 'ऊ' चे ठेवून, अन् मग वळून माझ्याकडे पाहिलं, बरोबर आलं ना म्हणून.

देवनागरीत उच्चार लिहून द्यावे का असं तुम्ही विचारलं नाही पण विचारणारच. द्या, पहिले दोन-तीन महिने, मग एकेक शब्दाचे पुसत जा. नाहीतर पोरगं जर्मन अक्षर वाचतच नाही, खालचं मराठी वाचते. मी उशिरा पुसलं, पस्तावले.

आता पालक. इथं मी मोठी चूक केली म्हणून नीट वाचा. पहिल्या वर्षी मी सभेत माइक हातात घेऊन सांगितलं, जर्मन शिकली की जर्मनीत नोकरी. टाळ्या पडल्या. तीन-चार वर्षांनी एक बाप एसटीने माझ्या घरी आला, चहा घेतला, अन् शांतपणे विचारलं, 'मॅडम, पोरगा तुमच्याकडे जर्मन शिकला, आता अर्ज कुठं करायचा?' पोराला ए१ पण धड नव्हतं. त्या माणसाने मला एक शब्द वाकडा बोलला नाही, त्याने जास्त लागलं. तर तुम्ही हिशोब उघडा करून सांगा. ए१ ला साधारण ८० ते २०० तासिका लागतात, त्याही पंचेचाळीस मिनिटांच्या. तुमच्या आठवड्याला दोन, सुट्ट्या-परीक्षा-स्नेहसंमेलन वजा जाता वर्षाला साठेक झाल्या तर खूप. म्हणजे आठवी अन् नववी मिळून जेमतेम ए१. तिकडे जाऊन कामासोबत शिकायचं, ज्याला आउसबिल्डुंग म्हणतात, त्याला साधारण बी१ मागतात, नर्सिंगवाल्यांना मान्यतेसाठी बी२ पर्यंत जावं लागते. २०२४ मध्ये आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत माणसं पाठवायचा करार केला, त्याची बातमी गावोगाव पोचलेली आहे, कोणीतरी विचारेलच, तेव्हा एवढंच सांगा की शाळेतलं जर्मन म्हणजे पेरणी, पीक घ्यायचं तर बारावीनंतर अजून दोन-तीन वर्षं मशागत करावी लागेल. पालकांना हे समजते हो, कापूस लावल्या लावल्या कोणी जिनिंगवर जात नाही.

त्या काकाला तुम्ही असं उत्तर द्या, 'काका, तुमचं बरोबर होतं, आता मी तुमच्या पोट्ट्याला मराठीतून जर्मन शिकवून राहिलो, येऊन पाहा.' अन् खरंच बोलवा त्यांना वर्गात. हेडमास्तरांना मात्र कागद लागतो, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर परदेशी भाषा द्यायच्या असं लिहिलेलं आहे, त्यात जर्मनचं नाव आहे, त्याची झेरॉक्स द्या. आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) गाडिवाटची जिल्हा परिषदेची शाळा सांगा, तिथल्या पोरांना रोबोट्स शिकायचे होते म्हणून त्यांनी जपानी शिकायला घेतली, २०२० मध्ये सगळ्या पेपरांत आलं होतं. जिल्हा परिषदेची शाळा, शहराची नाही.

वेळापत्रकाचं एक. आपल्याकडे जूनच्या शेवटी शाळा उघडते, पोळ्यापर्यंत वर्ग भरलेला असतो, मग सोयाबीनची सोंगणी, दिवाळी, अन् त्यानंतर कापसाची वेचणी, त्यात निम्मी पोरं कधी असतात कधी नसतात. पुस्तकात ऑक्टोबरात नवं व्याकरण आहे म्हणून ते तेव्हाच घेऊ नका, ज्यांचं सुटलं ते वर्षभर मागे राहतात अन् तीच पोरं गरिबाची असतात. वेचणीच्या दिवसात फक्त उजळणी, आकडे, खेळ. नवीन सगळं जुलै-ऑगस्ट अन् मग जानेवारीत.

५२ पोरांना बोलतं कसं करायचं, याला माझ्याकडे एकच चालणारी गोष्ट आहे ती म्हणजे बाजार. बेंच भिंतीला लावायचे, दहा-बारा पोरं दुकानदार, बाकी गिऱ्हाईक. वस्तू खऱ्या, वांगे, टमाटे, कांदे, वही, साबण. 'वास कोस्टेट डास?' म्हणजे हे केवढ्याला? 'त्स्वान्त्सिश रूपियन.' एवढी दोनच वाक्यं पहिल्या दिवशी, मग 'त्सू टॉयर!' म्हणजे लय महाग, हे शिकवलं की मग वर्ग आवरत नाही, भाव करणं आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही, आयांसोबत दर आठवड्याला पाहतात. मी दाराशी उभी राहायचे अन् जाणाऱ्यांपैकी एकेकाला एक भाव विचारायचे, तीच तोंडी परीक्षा, अर्ध्या मिनिटाची, तासाला दहा-बारा पोरं होतात, चार-पाच तासांत वर्ग संपतो. लेखी चाचणी या वर्षी घेऊच नका, तुमच्याकडे हा विषय बोर्डाच्या परीक्षेला नाही, त्याची मजा घ्या थोडी. आवाज होतो, बाजूचे सर तक्रार करतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

तुमच्याकडे बाजार ज्या दिवशी भरत असेल त्याच्या आदल्या दिवशी ही तासिका ठेवा म्हणजे दुसऱ्या दिवशी पोरं खऱ्या बाजारात एकमेकांना 'त्सू टॉयर' करत फिरतात, भाजीवाल्या बायाही शिकतात. फक्त पैसे कागदाचे कापून घ्या. मी हौसेने खरी चिल्लर वापरली होती, तास संपल्यावर मोजली तर सतरा रुपये कमी भरले.